माल उतरला की बघू

काळू डायवरने आयुष्यातला पहिला अपघात केला तो वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, पाय पाटावर ठेवून, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास.

एकतीस वर्षं त्याने आग्रा रोडवर दहाचाकी हाकली. कसाऱ्याचा घाट इतक्यांदा चढला-उतरला की घाटातल्या माकडांच्या तीन पिढ्या त्याला हॉर्नवरून ओळखत असतील. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, कुणाचं कोंबडं चाकाखाली आलं नाही. आणि आता पोराच्या कॉम्प्युटरवर, हिरव्यागार शेतांतून जाणाऱ्या त्या गुळगुळीत परदेशी रस्त्यावर, समोरून आलेल्या बसला तो थेट तोंडावर धडकला.

"आंधळा हायेस का रं?" काळू काचेतल्या बसवर खेकसला. "साइड बघून चालव!"

येसूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सुपातला खडा चिमटीत धरून तिने विचारलं, "कुणाला बोलता?"

"हा बसवाला. राँग साइडनं येतोय. आन हा एकटाच नाय, मागचा टँकरवालाबी तसाच. आख्खा देश राँग साइडनं चाललाय!"

संध्याकाळी रूपेश कल्याणच्या ऑफिसातून आला तेव्हा उलगडा झाला. तिकडे म्हणे सगळे उजव्या बाजूनेच गाड्या चालवतात. ड्रायव्हर डावीकडे बसतो. काळूने ऐकून घेतलं, बराच वेळ मान हलवली आणि म्हणाला, "मग तसा बोर्ड लावायला नको का?"

"एक माणूस चुकला का देश चुकला, ते तुमी बापलेक ठरवा," येसूबाई म्हणाली. "तवर मी भात वाढते."

गोष्ट हसण्यासारखी होती, आणि सापगावात येसूबाईएवढं हसायला कुणाला येत नव्हतं. पण त्या रात्री भात वाढताना तिने मनात रूपेशच्या नावाने एक पसा भात जास्तीचा वाढला. कारण आठ महिन्यांत तिचा नवरा एवढी वाक्यं एका दमात बोलला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी लायसनच्या तपासणीत काळूचा उजवा डोळा नापास झाला. काचबिंदू. मोठ्या गाडीचं लायसन गेलं. त्याने किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली, गाडीच्या स्टेरिंगला शेवटचा हात लावून तो कपाळाला लावला, आणि घरी येऊन ओट्यावर बसला तो बसलाच. घरासमोरून शहापूर-मुरबाड रस्ता जातो. गाडी गेली की काळू न बघता बोलायचा, "टाटा. भरलेली." मग गप्प. तासाभराने, "लेलँड. मागच्या टायरात हवा कमी." मग पुन्हा गप्प. येसूबाईने हाक मारली तर हूं. जेवायला बोलावलं तर आलो. बस्स. रूपेशने ते पाहिलं आणि ऑफिसातल्या दोस्ताकडून हा ट्रकचा खेळ आणला. बुद्धाच्या तसबिरीखालच्या टेबलावर कॉम्प्युटर होताच. चार बाण दाबायचे, गाडी पुढं, गाडी मागं, डावी, उजवी.

पहिल्या आठवड्यात काळू चप्पल काढून, बटणांच्या पाटीला हात लावून, तो हात कपाळाला लावून मगच खुर्चीवर बसू लागला. गाडी साठच्या वर कधी न्यायची नाही. मागून गाडी आली की आपली साइड दाखवून तिला "जा पुढं" म्हणायचं. तिकडच्यांना ती खूण कळत नव्हती तरी दाखवायची. परक्या गावांची नावं तोंडात बसेनात, म्हणून त्याने ती बदलून टाकली. नदीकाठचं मोठं शहर ते नाशिक. बर्फाच्या डोंगरातला रस्ता आणि त्यातला लांबलचक बोगदा, तो कसारा. आणि जिथं माल उतरवायचा, ती गोदामांची रांग ती भिवंडी.

येसूबाईला मात्र एक गंमत वाटू लागली, आणि गंमत वाटली की तिच्या तोंडून ओवी निघायची. तिची आई धसईची. जात्यावर बसली की दळण संपे, ओवी संपत नसे. आता पीठ चक्कीवरून येत होतं, जातं माळ्यावर गेलं होतं. ओवी मात्र येसूच्या जिभेवरून उतरली नव्हती. चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता तिने सूर लावला:

*बाई परदेशी गेला, माझा डायवर राणा*
*पाय पाटावर त्याचे, चहा मागे पुन्हा पुन्हा*

"ओरडू नको, ट्रॅफिक हाय," काळू म्हणाला.

एकतीस वर्षं हा माणूस बाहेर होता. आता घरात होता, तरी बाहेरच होता. फरक एवढाच की आता तिला त्याचा रस्ता दिसत होता.

आणि तो दिसला, तिथेच जुनी गोष्ट वर आली.

लग्नाला पंधरा दिवस झाले होते तेव्हा. काळूने पहिल्यांदा गाडी घरापुढं उभी केली, हात-पाय धुतले, भाकरी खाल्ली. निघताना येसू म्हणाली होती, "मलाबी बसवा की एकदा. कसाऱ्यापर्यंत. येताना सोडा."

"भरल्या गाडीवर बाईमाणसाला घेत नाय," काळू म्हणाला. ड्रायव्हरांची रीत होती, शेठचा नियम होता. "माल उतरला की बघू."

माल नाशिकला उतरला. तिथंच कांदा भरला. कांदा भिवंडीकडे उतरला, तिथं लोखंड भरलं. रिकामी गाडी परत आणणं म्हणजे ड्रायव्हरच्या नावाला बट्टा. काळूच्या नावाला एकतीस वर्षांत असा बट्टा लागला नाही. रूपेश झाला, रांगला, शाळेत गेला, लोकलचा पास काढू लागला. गाडी काही रिकामी झाली नाही. येसूबाईने घाट पाहिला नव्हता असं नाही. दोन लग्नांना एसटीने गेली होती. पण एसटीच्या खिडकीतून दिसतो तो बाजूचा घाट, मागं पळणारा. पुढच्या काचेतून जो रस्ता अंगावर येतो, उलगडत उलगडत पायाशी येतो, तो तिने कधी बघितला नव्हता. तो बघायचा होता. त्याच्याशेजारी बसून. एवढंच.

आता तो रस्ता तसबिरीखाली उलगडत होता. हातात कप धरून ती खुर्चीमागं उभी राहिली. पिवळी शेतं आली, गेली. एक पूल आला. आभाळ खाली वाकलं.

"चहा गार होतोय," काळू म्हणाला.

"व्हवू दे." मग थोड्या वेळाने, "अहो, ती बाजूची सीट रिकामीच दिसते."

"हां."

"कोण बसतं तिथं?"

"कुणीच नाय."

"मग?"

"मग काय?" काळूने नजर रस्त्यावरून हलवली नाही. तोंडातून सवयीने निघालं, "गाडी भरलेली हाय गो. दह्याचा माल हाय. माल उतरला की बघू."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. कान जरा लाल झाले. येसूबाईने कप टेबलावर असा ठेवला की चहा बशीत उतरला, आणि उंबऱ्याकडे जाताना भिंतीला उद्देशून म्हणाली:

*सये ट्रकाची ग चाकं, धावती काचेआडून*
*माझ्या जोत्याचा दगड, नाय हालला अजून*

पण तिने मनाशी धरलं. एकतीस वर्षं ज्या मालामुळं सीट मिळाली नाही, तो माल ह्या खेळात तरी कधीतरी उतरणारच. दह्याचा माल! किती दिवस टिकणार?

माल उतरेना.

काळू चारशे किलोमीटर लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी न्यायचा. भिवंडी गाठायचा. गेटातून आत जायचा. आणि तिथं सगळं अडायचं. ह्या गाडीला मागं लांबलचक ट्रेलर होता, आणि तो उलटा घेऊन दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध लावायचा होता. स्टेरिंग डावीकडे वळवलं की शेपूट उजवीकडे जायचं. उजवा आरसा काचेच्या पार टोकाला, तीळभर. आणि काळूचा उजवा डोळा तर मघाशी सांगितला तसा. धाड! भिंत. पुन्हा धाड! दुसऱ्याची उभी गाडी. मग तीन वाजायचे आणि लाईट जायची. तेव्हा सापगावात रोज तीनला लाईट जायची. टेबलाखालचा बॅटरीचा डबा दहा मिनिटं कोंबडीच्या पिलासारखा चिवचिवायचा आणि सगळं काळं व्हायचं.

"बाबा, हे बटण दाबा, वरून गाडी दिसते," रूपेशने दाखवलं.

काळूने बघितलं. गाडी पाखराला दिसावी तशी खाली दिसत होती. "ड्रायव्हर कॅबिनमधनं बघतो," तो म्हणाला. "वरनं बघून गाडी लावायची तर मग गिधाडाला लायसन द्या."

चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा भिंतीला धडकल्यावर काळूने बटण बंद केलं. चप्पल घातली. ओट्यावर जाऊन बसला. रस्त्यावरून गाडी गेली.

"टाटा," काळू म्हणाला. "भरलेली."

येसूबाईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तिने वाट बघितली. पुढं काही आलं नाही. दुसरा दिवस तसाच गेला. तसबिरीखालच्या काचेवर धूळ बसली आणि त्या धुळीपलीकडे कुठंतरी तिची सीट तशीच रिकामी राहिली.

तिसऱ्या दिवशी घरापुढं टेंपो थांबला. आटगावचा चंदर उतरला. चौदा वर्षं काळूच्या गाडीवर क्लिनर होता, आता स्वतःचा टेंपो चालवत होता. धसईच्या बाजारातून भाजी भरून शहापूरला निघाला होता.

"उस्ताद!" चंदर दारातूनच ओरडला. "म्हटलं रिटायर होऊन उस्ताद झोपला असंल, तर हा वॉचमनसारखा बाहेर बसलाय!"

काळू हसला नाही. येसूबाईने पाणी आणलं आणि पाण्याबरोबर सगळी हकिगतही दिली: उलटा देश, दह्याचा माल, भिंत, पुन्हा भिंत. चंदर ऐकता ऐकता मांडीवर थापा मारायला लागला.

"वयनी, तुमाला खरं सांगू? उस्तादनं उभ्या आयुष्यात रिवर्स मारलेलाच नाय!"

"ए चंद्या!" काळू म्हणाला.

"खोटं हाय का? रिवर्स मी मारायचो. मागं उभा राहून गाडीच्या फाळक्यावर थापा देत. थाप-थाप-थाप चालू असली की ये. हळू पडायला लागली की हळू ये. आन एकच जोरात पडली की जागच्या जागी थांब. उस्तादचं ध्यान थापेवर, हात स्टेरिंगवर. चौदा वर्षं त्यानं माझ्या बाजूच्या आरशात बघितलं नाय. बघायची गरजच काय? तिकडं मी होतो ना!" चंदरने ग्लास रिकामा केला. "आता सांगा, क्लिनर न घेता भिवंडीत शिरणारा हा शहाणा कोण?"

काळूची मान जरा वर झाली. भिंतीचं खापर आपल्या डोळ्यावर नाही, क्लिनर नसण्यावर फुटतंय, हे त्याला मनापासून पटलेलं दिसलं.

"मग बस ना तू," येसूबाई म्हणाली.

"भेंडी सुकतेय, वयनी. येतो." आणि टेंपो गेलाही. काळू मागून म्हणाला, "मागच्या स्प्रिंगचा पाटा बसलाय ह्याचा. सांगायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी चूल आवरून येसूबाईने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घासला, तो टेबलाच्या उजव्या बाजूला जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्यामागं पाट मांडून बसली.

"उठा," ती ओट्याकडे बघून म्हणाली. "दही नासायच्या आत भिवंडी गाठा."

"तू काय करतेस तिथं?"

"मी क्लिनर."

"भरल्या गाडीवर बाईमाणूस—"

"सीटवर नाय बसत मी. क्लिनर खाली उतरून मागं उभा असतो का नाय? मी खालीच हाय. तुमचा नियम तुमच्यापाशी."

काळूने चप्पल काढली, पाटीला हात लावून कपाळाला लावला.

भिवंडी गाठायला दीड तास लागला. गेटातून गाडी आत आली, वळली, थांबली. येसूबाईने पदर खोचला आणि पाटावर गुडघे टेकून, नाक काचेला लागेल इतकं उंच होऊन त्या तीळभर आरशात बघितलं. पिवळी पट्टी दिसत होती. तिने डब्यावर थाप मारली. थाप-थाप-थाप. गाडी मागं यायला लागली. पहिल्यांदा भिंत अजून लांब असताना तिनेच घाबरून जोरात थाप दिली. गाडी थांबली.

"काय झालं?"

"मला वाटलं आली."

"अगो, एवढ्या जागेत चंद्या झोपायचा!"

"मग मी काय झोपायला बसलेय? या मागं."

थाप-थाप-थाप. शेपूट उजवीकडे गेलं. "अहो, पट्टी चाललीय, पट्टी चाललीय!" "तोंडानं नको, हातानं सांग!" गाडी पुढं घेतली, पुन्हा मागं. येसूबाईच्या हाताला हळूहळू लय सापडली. जात्याचीच लय होती ती. दाणा संपत आला की खुंटा जसा हलक्या हाताने फिरवायचा, तशी थाप हलकी झाली. थाप... थाप... तिने काळूकडे पाहिलं. तो उजव्या आरशाकडे बघतच नव्हता. एकदाही. मान जराशी कलती करून, डोळे अर्धे मिटून, तो फक्त ऐकत होता. तिचा हात.

एवढं आजवर त्याने तिचं कधी ऐकलं नव्हतं.

धाप्!

गाडी थांबली. पिवळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. काचेवर इंग्रजीत काहीतरी मोठ्या अक्षरात उमटलं.

"चंद्या, फाळका पाड!" काळू ओरडला, आणि मग जीभ चावून बाजूला बघितलं. येसूबाई हातावर फुंकर घालत होती. तळवा लालभडक झाला होता.

"उतरला?" तिने विचारलं.

"उतरला."

ती उठून आत गेली. चहा टाकायला गेली असेल, काळूला वाटलं. समोर नवी यादी आली होती. कागदाची रिळं, ह्याच रस्त्याने परत जाणारी, तयार उभी. एक बटण दाबलं की भरली. त्याचं बोट आपसूक तिकडे गेलं.

"थांबा."

येसूबाई दारात उभी होती. जयंतीला नेसायची ती निळी साडी नेसली होती. केस चापून बसवलेले. हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा.

"कुठं निघालीस?"

"माल उतरला," ती म्हणाली.

काळूने तिच्याकडे पाहिलं. मग यादीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर खुर्चीत चुळबुळला. "अगो, रिकामी गाडी परत न्यायची म्हंजे... शेठ काय म्हणंल?"

"कुठाय शेठ?"

काळूने खरंच मागं वळून बघितलं. मागं कणगी होती.

"परतीचा माल सोडला असं कुणी ऐकलं तर—"

"तर काय? मी नाय सांगणार. तुमी चंदरला सांगू नका."

काळूने यादीवर बोट नेलं. रिळांची ओळ निळी झाली, थोडा वेळ तशीच राहिली. मग त्याने यादी बंद केली. ट्रेलर तिथंच सोडला. नुसतं कॅबिनचं डोकं घेऊन गाडी गेटाकडे वळवली, थांबवली, आणि उजव्या बाजूला स्टूल ओढून ते पुसल्यासारखं करून म्हणाला, "चढ. उंच हाय, सांभाळून."

येसूबाईने टेबलाची कड धरली, साडी जराशी उचलली, पाय वर घेतला, आणि स्टुलावर बसली.

गाडी निघाली. रिकामी गाडी कशी हलकी पळते ते काळूलाही पहिल्यांदाच कळत होतं. पिवळी शेतं आली. पूल आला. रस्ता समोरून उलगडत, उलगडत तिच्या पायाशी येत होता. मांडीवरची भाकरी घट्ट धरून ती बघत राहिली. मग गुणगुणली:

*भरल्या ग गाडीवर, सीट नाय मला दिली*

दुसरी ओळ तिला सुचायची होती. तेवढ्यात रस्त्यावरची नजर न काढता, बेसूर, घोगऱ्या आवाजात काळू म्हणाला:

*रिकामी मी नेतो आता, डिझेलची राख झाली*

येसूबाई आ वासून त्याच्याकडे बघत राहिली. मग असं हसू फुटलं की भाकरीचं फडकं सुटलं.

डोंगर दिसू लागले. बर्फाचा कसारा. टेबलाखालचा डबा चिवचिवायला लागला. तीन वाजले होते. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. गाडी घाट चढू लागली. एक वळण, दुसरं वळण. आणि काच काळी झाली.

चिवचिव थांबली. घर एकदम शांत.

"गेली," काळू म्हणाला. त्याने बटणांवरून हात उचलले.

"हात काढू नका," येसूबाई म्हणाली. "बोगदा हाय."

काळूने तिच्याकडे पाहिलं. ती समोरच बघत होती, त्या काळ्या काचेत. निळी साडी, चापून बसवलेले केस. काचेत दोघंही दिसत होते, शेजारी शेजारी, जरा पुसट.

त्याने हात परत बाणांवर ठेवले.

तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर मिरचीचा ठेचा लावला आणि त्याच्या तोंडाशी धरला. तो चावत राहिला. बाहेर मुरबाडकडून एक गाडी येत होती. लांबून आवाज आला, जवळ आला. येसूबाई वाट बघत होती, आता म्हणेल टाटा, आता म्हणेल भरलेली.

"समोरनं गाडी येतेय," काळू म्हणाला, आणि बोटाने हलकेच बाण दाबून त्याने आपली गाडी जराशी उजवीकडे घेतली. तिकडच्या रीतीने.